रूगर १०/२२ : पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात रूगर १०/२२ ही साधी कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल, विकत घेतली. ते, त्यांची पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी असे तिघे महिन्यातून दोनदा क्लबच्या रेंजवर जातात आणि २५ व ५० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर सराव करतात. पन्नास यार्डांवर त्यांच्या पाच गोळ्या साधारण दोन ते अडीच इंचांत पसरतात. त्यांनी ४०० डॉलर बाजूला काढले आहेत, आणि जाड बॅरल (नळी), नवा ट्रिगर, नवा स्टॉक (दस्ता) व मोठे मॅगझिन (काडतुसे भरायचा डबा) यांपैकी आधी काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये नोकरीला सुरुवात केली आणि गेली बावीस वर्षे पेन्सिल्व्हेनियात आहे. त्यातली पंधरा वर्षे आमच्या क्लबमधल्या लोकांच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या) रायफली माझ्या टेबलावर येत आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक १०/२२ असतात. माझे उत्तर निराशाजनक वाटेल, पण ते असे आहे की तुमच्या यादीतली पहिली वस्तू शेवटी घ्यावी, चौथी घेऊच नये, आणि ४०० पैकी पहिले ६० डॉलर यादीत नसलेल्या वस्तूवर, म्हणजे काडतुसांवर खर्च करावेत.

ही रायफल १९६४ साली बाजारात आली आणि आजही बनते. तिच्यासाठी इतके सुटे भाग मिळतात की कारखान्याचा एकही भाग न वापरता पूर्ण १०/२२ जुळवता येते. याचे कारण तिच्या रचनेत आहे. बहुतेक रायफलींची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या मुख्य सांगाड्यात, आटे पाडून घट्ट बसवलेली असते आणि ती काढायला शिकंजा व पाना लागतो. इथे मात्र नळी रिसीव्हरमध्ये नुसती सरकवलेली असते, आणि एक व्ही आकाराचा ठोकळा दोन स्क्रूंनी तिला मागे ओढून धरतो. ट्रिगरची पेटी दोन आडव्या पिनांवर लटकते. स्टॉक एका मुख्य स्क्रूने आणि पुढच्या बॅरल बँडने, म्हणजे नळी व स्टॉक एकत्र बांधणाऱ्या कडीने, धरलेला असतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोन ॲलन की आणि एक लाकडी खुंटी घेऊन, अर्ध्या तासात सगळी रायफल सुटी होते. ही सोय आहे आणि हाच मोहही आहे, कारण जे सहज बदलता येते ते बदलावेसे वाटतेच.

टूलरूममध्ये आम्हांला पहिल्या दिवशी शिकवले होते की जॉब बिघडला तर आधी मोजावे, मग मशीनला हात लावावा. रायफलीचेही तसेच आहे. सहा वेगवेगळ्या प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी घ्या. त्यांत दोन स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, दोन हाय व्हेलॉसिटीच्या आणि दोन थोड्या महाग, लक्ष्यवेधासाठी बनवलेल्या असाव्यात. वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून ५० यार्डांवर प्रत्येक प्रकाराचे पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचे पुंजके) मारा. काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या हिशेबात धरू नका, कारण या गोळ्यांवर मेणाचा किंवा तेलकट लेप असतो आणि नळीत आधीच्या लेपाच्या जागी नवा बसायला तेवढ्या गोळ्या जातात. सर्वांत दूरच्या दोन भोकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत कॅलिपरने मोजून कागदावरच लिहून ठेवा. त्याच रायफलीतून एका काडतुसाचे ग्रुप सव्वादोन इंचांचे आणि दुसऱ्याचे एक इंचाचे आलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि तेव्हा एकही भाग बदललेला नव्हता.

यामागचे कारण गूढ नाही. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे आहे. त्याची ठिणगी कडेच्या कंगोऱ्यात असते (म्हणून त्याला रिमफायर म्हणतात), आणि कंगोऱ्याची जाडी किंवा दारूचे वजन जरासे इकडेतिकडे झाले की गोळीचा वेग बदलतो. शिवाय हाय व्हेलॉसिटीची ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला बाराशे फुटांच्या पुढे निघते आणि लक्ष्यापर्यंत जाताना ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे साधारण ११२५ फुटांखाली येते. ती सीमा ओलांडताना हवेचा दाब बदलतो आणि गोळी डळमळू शकते. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी १०७० फुटांच्या आसपास, म्हणजे मुळातच त्या सीमेखाली निघते, म्हणून ५० यार्डांवर ती बहुधा अधिक शहाणी वागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसावर. अर्थात त्यांच्या रायफली एकेक काडतूस हाताने भरायच्या असतात, आणि त्या दर्जाचे नेमबाज काडतुसांचा लॉट स्वतःच्या नळीतून तपासून मगच पेट्या घेतात. आपण निदान ब्रँड तरी तपासावा.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. १०/२२ ही साध्या ब्लोबॅक तत्त्वावर चालते, म्हणजे गोळी सुटल्यावर रिकाम्या टोपणाचा (काडतुसाच्या पितळी कवचाचा) मागचा धक्काच बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, मागे ढकलतो आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणते. बोल्टला कुलूप असे नसतेच, फक्त त्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर असतो. त्यामुळे फार सौम्य काडतूस घेतले तर बोल्ट पुरेसा मागे येत नाही आणि रिकामे टोपण दारातच अडकते. स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर ती सहसा बिनतक्रार चालते, पण थंडीत आणि घट्ट झालेल्या तेलात कुरकुर करते.

हे सगळे करण्यापूर्वी दहा मिनिटांचे एक फुकट काम आहे. माझ्याकडे मागच्या वर्षी एक रायफल आली. तिच्या मालकाने दोनशे डॉलरची नळी बसवली होती आणि तरी चार इंचांचे ग्रुप पडत होते. मी स्कोप पकडून हलका पिळला तेव्हा तो बोटाला जाणवेल इतका हलला. स्कोपखालची पट्टी रिसीव्हरला चार बारीक स्क्रूंनी बसते, आणि त्यांतले दोन जवळपास अर्धा फेरा सैल होते. पट्टी काढली, स्क्रू आणि भोके स्पिरिटने पुसून तेल घालवले, स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावून परत आवळले. रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, तेव्हा मनगटाची ताकद दाखवायची ही जागा नव्हे. त्या दिवशी जुन्याच काडतुसांवर सव्वा इंचाचा ग्रुप पडला. स्टॉकच्या मुख्य स्क्रूचेही असेच असते. तो दर वेळी सारखाच आवळला गेला पाहिजे. मी १५ ते २० इंच-पाउंडांच्या दरम्यान आवळतो आणि त्यासाठी टॉर्कचा छोटा पाना वापरतो. बॅरल बँड फार घट्ट असेल तर नळी गरम होत जाते तसा नेम सरकतो, म्हणून एकदा बँड पूर्ण काढून ग्रुप मारून पाहावा.

इतके झाल्यावर पैसे खर्च करायला पहिली योग्य जागा म्हणजे ट्रिगर. कारखान्यातून आलेला ट्रिगर साधारण सहा पाउंडांच्या आसपास सुटतो, आणि रिकाम्या रायफलीचे वजन पाच पाउंड आहे. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावून जी वस्तू चालवायची, ती हलणारच. बोट ओढताना मधे एक खरखरीत टप्पा लागतो, नवखा माणूस तिथे थबकतो, मग एकदम झटका देतो, आणि गोळी उजवीकडे खाली जाते. माझा अनुभव असा आहे की पिशव्यांवर टेकून मारलेल्या ग्रुपमध्ये चांगल्या ट्रिगरने फरक थोडा पडतो, पण उभ्याने किंवा बसून मारताना तो ठळक दिसतो, आणि तुम्ही तिघे जे शिकत आहात ते उभ्याने आणि बसून मारायचेच आहे.

यात तीन वाटा आहेत. रूगरचीच बीएक्स ट्रिगर पेटी पूर्ण जुळवलेली मिळते आणि तिचा खेच पावणेतीन पाउंडांच्या आसपास असतो. दुसरी वाट म्हणजे पेटी तीच ठेवून फक्त हातोडी, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर आदळून काडतूस उडवणारा भाग, बदलणे. व्होल्कार्टसन कंपनीची हातोडी यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यासाठी पेटी उघडून बारीक स्प्रिंगा हाताळाव्या लागतात. तिसरी वाट किडसारख्या कंपनीची पूर्ण स्पर्धेची पेटी, जी उत्कृष्ट आहे आणि जिची किंमत तुमचे बहुतेक बजेट खाऊन टाकेल. तुमच्यासाठी पहिली वाट. सीअर, म्हणजे हातोडी अडवून धरणारा खटका, घरी पॉलिशच्या दगडावर घासून ट्रिगर हलका करण्याचे जे सल्ले मिळतात, ते ऐकू नयेत, कारण त्या पृष्ठभागावरचा कठीण थर फार पातळ असतो, आणि तो गेला की रायफल कधी सुटेल याची खात्री राहत नाही. घरात शिकणारे मूल आहे, तेव्हा अडीच पाउंडांखाली जाण्याचेही कारण नाही.

पेटी बदलताना ज्यावर सगळे अडतात, ती जागा सांगतो. मॅगझिन काढून, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून, हातोडी मागे खेचलेल्या स्थितीत ठेवावी आणि सेफ्टीचे बटण मधोमध, ना पूर्ण इकडे ना पूर्ण तिकडे, असे धरावे. तेव्हाच रिसीव्हर स्टॉकमधून वर उचलता येतो. नाहीतर बटण लाकडात अडते आणि माणूस जोर करून स्टॉकचा टवका उडवतो. नवी पेटी बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर तीन तपासण्या कराव्यात. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढला तरी हातोडी पडता कामा नये, आणि त्यानंतर सेफ्टी काढली तरीही पडता कामा नये. ट्रिगर ओढून धरून बोल्ट मागेपुढे केला तर हातोडी अडकून राहिली पाहिजे आणि ट्रिगर सोडून पुन्हा ओढल्यावरच पडली पाहिजे. दस्त्याचा तळ रबरी चटईवर आपटला तरी ती जागची हलता कामा नये. नंतर रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे भरावीत. एका ओढीत दोन्ही सुटली तर तिथेच थांबून मूळ पेटी परत बसवावी. ती बिघडलेली रायफल होय, आणि कायद्याच्या नजरेत तर त्याहून वाईट.

दुसरा खर्च नेम धरण्याच्या साधनावर. मूळची मागची घडीची पट्टी आणि पुढचा सोनेरी मणी ही सशाच्या शिकारीची साधने आहेत, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्यांना ती तिन्ही गोष्टी, पट्टी, मणी आणि लक्ष्य, एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. टेक-साइट्स कंपनीचे, बारीक छिद्रातून नेम धरायचे साधन बसवले तर डोळा आपोआप मध्य शोधतो आणि नवशिक्याला मूलभूत गोष्टी कळतात. ॲपलसीड नावाच्या प्रशिक्षण शिबिरांत, जिथे २५ मीटरांवर २५० पैकी २१० गुण मिळवणाऱ्याला ‘रायफलमन’ म्हणतात, १०/२२, हे छिद्राचे साधन आणि लष्करी पद्धतीचा, दंडाला अडकवायचा पट्टा हे त्रिकूट हमखास दिसते. स्कोपच घ्यायचा तर दोन ते सात पटींचा पुरतो, मात्र तो रिमफायरसाठी बनवलेला घ्यावा. मोठ्या काडतुसांच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर जुळवलेला असतो आणि रिमफायरच्या स्कोपचा ५० यार्डांवर. चुकीचा स्कोप घेतला तर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकते, आणि मग माणूस नळीला दोष देतो.

पट्ट्याचा उल्लेख ओघात आला, पण वीस डॉलरच्या कापडी पट्ट्याने झोपून मारताना जेवढा स्थिरपणा येतो, तेवढा दोनशे डॉलरच्या कोणत्याही भागाने येत नाही.

आता मुलीविषयी, कारण तुमच्या प्रश्नात ती जेमतेम एका वाक्यात आली आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा बदल तिच्यासाठी करायचा आहे. कारखान्याच्या दस्त्यात ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर साडेतेरा इंच असते. चौदा वर्षांच्या मुलीला ते लांब पडते. मग ती खांदे मागे टाकून, कंबर पुढे काढून, पाठीला कमान करून उभी राहते, आणि दहा गोळ्यांत तिचा हात थरथरू लागतो. याला सवय म्हणत ओरडू नये, दस्ता आखूड करावा. मॅगपुल कंपनीच्या एक्स-२२ स्टॉकमध्ये मागे स्पेसर घालून-काढून ही लांबी बदलता येते आणि गालाखालची उंचीही वाढवता येते, म्हणून एकाच रायफलीवर तिघांना शिकायचे असेल तर तो पैसा सत्कारणी लागतो. तो नको असेल तर गालाची उंची पॅकिंगचा फोम आणि कापडी टेप यांनीही छान साधते. दिसायला ते गचाळ दिसते, पण स्कोप लावल्यावर हनुवटी टेकवून नेम धरण्यापेक्षा गाल टेकवून धरणे केव्हाही चांगले.

छोट्या बदलांत दोनच मी डोळे झाकून सुचवतो. रिसीव्हरच्या मागे एक पोलादी आडवी पिन असते, जिच्यावर बोल्ट प्रत्येक वेळी आपटतो. तिच्या जागी प्लॅस्टिकची पिन घातली की खटक्याचा आवाज धप्प होतो. त्याने नेम सुधारत नाही, कान सुखावतात. आणि बोल्ट सोडण्याची पट्टी बदलून घ्यावी, कारण मूळ रचनेत खटका दाबून धरत बोल्ट मागे ओढावा लागतो आणि नवशिक्याला तीन हात असावेत असे वाटू लागते. टोपण ओढणारा एक्स्ट्रॅक्टर धारदार घ्यावा की नाही, हे टोपणे अडकत असतील तरच ठरवावे.

नळीवर मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या १०/२२ वर मी ट्रिगरच्या आधी ०.९२० इंच व्यासाची जाड नळी बसवली, जिचा चेंबर स्पर्धेसाठी अगदी घट्ट कोरलेला होता. तिच्यासाठी स्टॉकची खाच रुंद हवी, म्हणून स्टॉकही घ्यावा लागला. पहिल्याच दिवशी रेंज ऑफिसरने ‘सीझ फायर’ म्हटले, मी न उडालेले काडतूस बाहेर काढायला बोल्ट ओढला, तर गोळी नळीच्या आट्यांत रुतून राहिली, रिकामे टोपण तेवढे हातात आले आणि दारूचे बारीक दाणे ट्रिगरच्या पेटीत सांडले. सळईने गोळी मागे काढून पेटी धुण्यात दुपार गेली. आपोआप भरणाऱ्या रायफलीला थोडा मोकळा चेंबर लागतो. घ्यायचीच झाली तर बेंट्झ प्रकारचा चेंबर असलेली नळी घ्यावी, जी साध्या आणि स्पर्धेच्या चेंबरच्या मधली असते. शिवाय जड नळी त्या एका व्ही ठोकळ्याच्या आधाराने पुढे लोंबते आणि स्टॉकमध्ये नीट टेकवली नाही तर किंचित खाली झुकते. हे सगळे जमवून एक इंचाचा ग्रुप अर्ध्या इंचाचा होतो, पण तो फरक ज्याला मारता येतो त्याच्यासाठी. शिवाय मुलीला ती रायफल उभ्याने उचलवणार नाही.

मोठे मॅगझिन घेऊ नका, असे मी म्हटले त्याचे कारण कायद्याचे आहे. न्यू जर्सीत २०१८ पासून सुट्या मॅगझिनची मर्यादा दहा काडतुसांची आहे आणि तुमच्या रायफलीचे फिरते मॅगझिन नेमके दहाचेच आहे. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात मिळते म्हणून ते गाडीत टाकून आणता येत नाही. न्यू जर्सीतच घडीचा दस्ता, बाहेर आलेली पिस्तुलासारखी मूठ, आटे पाडलेले नळीचे टोक अशा गोष्टी एकत्र आल्या की साधी रायफल बंदी असलेल्या वर्गात जाऊ शकते, म्हणून स्टॉक ऑर्डर करण्यापूर्वी राज्याचा नियम वाचावा. सोळा इंचांपेक्षा आखूड नळी तर सगळ्या देशात १९३४ च्या कायद्याखाली वेगळ्या नोंदणीत येते. आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट, जी अनेकांना ठाऊक नसते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगण्याची मनाई आहे आणि वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीनकार्ड असलेल्यांना ती मनाई नाही. घरी उतरलेल्या भाच्याला हौसेने रेंजवर नेण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

तेव्हा तुमचा हिशेब असा बसवावा. काडतुसांच्या सहा पेट्या, पट्टा आणि टॉर्कचा पाना आधी. त्यातून जे काडतूस सर्वांत चांगले ठरेल ते वापरत ट्रिगर बदलावा आणि पुन्हा तेच पाच ग्रुप मारून जुन्या कागदांशेजारी ठेवावेत. मग छिद्राचे साधन किंवा स्कोप. उरलेल्या पैशांत दस्ता बसला तर बसला, नाहीतर मुलीसाठी फोम आणि टेप. एका वेळी एकच भाग बदलावा, कारण दोन बदलले आणि ग्रुप बिघडला तर दोष कोणाचा ते कळत नाही.

काढलेले मूळ भाग फेकू नका. ट्रिगरची पेटी तेलाचा हात लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीवर तारीख आणि तोपर्यंत मारलेल्या काडतुसांचा अंदाजे आकडा लिहा. रायफल कधी दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवावी लागली तर आधी तेच भाग परत बसवावे लागतील.